हिरवा नंबर

माझा प्रबंध दोनशे चौदा पानांचा आहे आणि माझ्या माहितीत तो अख्खा वाचलेला माणूस एकच, ज्याने तो टाइप केला तो. गाइड सरांनी निष्कर्ष वाचले, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अनुक्रमणिका चाळली आणि बांधून आल्यावर मी स्वतः तो पुन्हा उघडला नाही. टाइप करणाऱ्याचं दुकान बीडला बसस्टँडमागच्या गल्लीत होतं. लग्नपत्रिका, कोर्टाच्या नोटिसा, नोकरीचे अर्ज आणि आमच्यासारख्यांचे प्रबंध, सगळं त्याच्याच बोटांखालून जायचं. इंग्रजी त्याला बेताचंच यायचं, पण तक्ते टाइप करता करता एकदा तो थांबला आणि म्हणाला, "सर, हे एस सतरा म्हंजे कोन्तं गाव हो? इथला आकडा लई वर गेलेला दिसतोय. आमच्या सासुरवाडीकडचं तर न्हाई ना?"

"ते गोपनीय असतं," मी म्हणालो.

असं म्हणताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे गोपनीय म्हणण्यासारखं काहीतरी होतं.

माझा विषय भूजलाची गुणवत्ता. सोप्या भाषेत सांगायचं तर जिल्ह्यातले आड, विहिरी, बोअर आणि हातपंप यांचं पाणी बाटलीत भरायचं, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत न्यायचं आणि त्यात काय काय विरघळलंय ते मोजायचं. आमचं गाव उमापूरच्या पुढे, घरी सगळे शेतीवाले. माझ्या चुलत्यांना या उद्योगाचं फार कोडं होतं. "लोक पानी पितेत, शेताला देतेत. तू नुसतं तपासत कावून बसलास?" असं ते दर सणाला विचारायचे. मी त्यांना संशोधनाचं महत्त्व सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या सणाला पुन्हा तेच विचारायचे.

चाळीस ठिकाणं निवडली होती. प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा जायचं, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या, पिशव्यांत बाटल्या. अडचण एकच होती. एका गावात तीन-चार हातपंप असतात आणि ते सगळे सारखेच दिसतात. सहा महिन्यांनी परत गेल्यावर नेमका तोच पंप सापडायला हवा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. गाइड सर म्हणाले, खूण करून ठेव. आमच्या घरच्या दारा-खिडक्यांना दिलेल्या ऑइलपेंटचा अर्धा डबा उरला होता. तो मी पिशवीत टाकला आणि जाईन तिथे पंपाच्या अंगावर तक्त्यातला एस एक, एस दोन असा नंबर काढत गेलो. रंग हिरवा होता.

विहिरींवर आणि आडांवर मी नंबर काढले नाहीत. गावात पिण्याचा आड एकच असतो, तो कशाला चुकतोय?

सतरा नंबरचा पंप केज तालुक्यातल्या एका लहानशा गावात आहे. त्या गावाचं नाव मी प्रबंधात लिहिलं नव्हतं आणि इथेही लिहीत नाही, पण दोन्हींची कारणं वेगळी आहेत. आज लिहीत नाही, कारण तिथल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत.

हातपंपाचा नमुना घेताना आधी पाच-सात मिनिटं पंप हापसून नळीत साचलेलं पाणी काढून टाकावं लागतं. खालचं ताजं पाणी आल्यावर मगच बाटली धरायची. मी एकटाच असायचो, त्यामुळे हापसायचं कोणी आणि बाटली धरायची कोणी, ही पंचाईत असायची. त्या गावात पंपासमोरच राहणाऱ्या एक बाई पदर खोचून पुढे यायच्या आणि हापसायला लागायच्या. वय तेव्हा पन्नाशीच्या आतलं, अंगाने दणकट. वाया जाणारं पाणी त्या वाया जाऊ द्यायच्या नाहीत, आजूबाजूच्या चार घरांतून कळश्या मागवायच्या आणि माझ्या प्रयोगाच्या आधीच चार घरांचं पाणी भरून व्हायचं. मग चहा. मी त्यांना मावशी म्हणायचो. तिसऱ्या फेरीला त्या म्हणाल्या, "सर, एवडं पानी नेता, तर त्यात काय निगलं ते सांगायला बी या बरं का."

"येतो की मावशी. निकाल आला की पहिलं तुम्हाला सांगतो."

निकाल आला. एस सतरामध्ये फ्लोराईड होतं, पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या बरंच वर. मी तीनदा रीडिंग घेतलं. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही ही शिस्त गाइड सरांनीच लावली होती आणि ती आजही माझ्या अंगात आहे, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तिन्ही वेळा तेच आलं. त्याच गावातला आड, एस अठरा, त्याचं पाणी मात्र मर्यादेच्या आत होतं. खोल बोअरचं पाणी खडकात जास्त मुरतं आणि वरच्या आडाचं तितकं मुरत नाही, असं त्याचं साधं कारण. तुलना फार सुंदर जमली होती. एका गावात, एकाच आळीत, दोन पाण्यांत एवढा फरक! मी खूश झालो. तेव्हा मी खूश झालो होतो, हे मला नीट आठवतं.

गाइड सरांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "आकडे ठेव. गावांची नावं काढ."

"सर, पण ते पाणी लोक पितात."

"अरे, आपण संशोधक आहोत, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर नाही. उद्या कुणी मोर्चा घेऊन विद्यापीठात आलं तर तू देणार आहेस का उत्तर? आधी डिग्री घे, मग गावं सुधार."

या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग मी पाळला.

सगळं खापर त्यांच्यावर फोडणं सोपं आहे आणि मी ते बरीच वर्षं फोडलंही. पण त्यांनी मला त्या गावात जाऊन मावशींना सांगू नको असं म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त छापू नको म्हटलं होतं. मांजरसुंब्याहून केजकडे जाणारी गाडी त्या गावाच्या फाट्यावर थांबते. फाट्यापासून गाव पायी अर्ध्या तासावर. त्या वर्षी मी त्या फाट्यावरून कितीतरी वेळा गेलो. कधी प्रबंधाच्या प्रती बांधायला द्यायच्या होत्या, कधी कुणाची सही घ्यायची होती, कधी नुसताच कंटाळा आला होता. मौखिक परीक्षेच्या दिवशी परीक्षकांना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवायला नेलं. कुणाला काय आवडतं याची चौकशी मी आठवडाभर आधी करून ठेवली होती आणि ती चौकशी प्रबंधापेक्षा जास्त कसून केली होती. रस्सा ओरपता ओरपता एक परीक्षक म्हणाले, "छान काम आहे. समाजोपयोगी आहे." मी त्यांना आणखी एक भाकरी वाढायला सांगितली.

मग गावात फ्लेक्स लागला. माझा फोटो, खाली चौदा शुभेच्छुकांचे फोटो, माझ्यापेक्षा त्यांचेच मोठे. फेटा बांधला, शाल-नारळ दिलं. भाषण करणाऱ्याने सांगितलं की आपल्या पोराने पाण्याचा थेंबन्‌थेंब तपासून बीड जिल्ह्याची सेवा केली. चुलते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही.

नोकरीचं काय झालं हे सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही, या जिल्ह्यात प्रत्येक वाडीत तसा एकजण आहे. मुलाखती दिल्या. मुलाखतीला जाण्याआधीच कोण लागणार हे शिपायालासुद्धा ठाऊक असायचं आणि तो बिचारा दयेने मला चहा विचारायचा. शेवटी एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे वर्गात उभे असाल तोवर तुम्ही प्राध्यापक, घंटा झाली की संपलं. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची नव्हती, जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीत बसायचो. उन्हाळ्यात काम बंद आणि जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. त्या अर्जात दरवर्षी प्रबंधाचं शीर्षक लिहावं लागतं. शीर्षक एवढं लांब आहे की ते कधीच त्या रकान्यात मावत नाही.

माझा एक शाळेतला मित्र युसूफवडगाव या गावात खताचं दुकान चालवतो. त्याने बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि त्याला त्याचं दुःख नाही. एकदा बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानात बसलो असताना गिऱ्हाईक नसल्याने त्याला चेष्टेची हुक्की आली. "एक सांग बे," तो म्हणाला, "तुज्या डिग्रीनं अशी एखादी गोष्ट झाली का, जी तिच्याबिगर झालीच नसती?"

मी विचार करत बसलो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, चहा गार होईल."

त्याला द्यायचं उत्तर मला मिळालं, पण त्याला काही वर्षं जावी लागली.

मागल्या वर्षीची गोष्ट. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. एक मुलगी होती, वर्गात नेहमी शेवटच्या बाकावर, हुशार, हात कमालीचा स्थिर. ब्युरेटमधून शेवटचा थेंब सोडताना भल्याभल्यांचा हात चुकतो, हिचा चुकायचा नाही. फक्त बोलायची वेळ आली की ओढणीचं टोक तोंडावर धरायची किंवा तळहात. तोंडी परीक्षेतही तेच. बाहेरून आलेले परीक्षक दोनदा "काय?" म्हणाले. उत्तरं तिला येत होती आणि ती तोंडातल्या तोंडात जात होती. माझं टाळकं सरकलं. मी ओरडलो, "हात काढ आधी तोंडावरचा! इथे कुणी खातंय का तुला? नीट बोल."

तिने हात काढला आणि उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. समोरच्या वरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, एकाच उंचीवर, एकसारखे आडवे, आणि दोन दातांना बारीक खड्डे. असे दात मी पुस्तकात पाहिले होते. माझ्या प्रबंधात, तिसऱ्या प्रकरणात, त्याचा रंगीत फोटो आहे. दुसऱ्या कुणाच्या पेपरातून घेतलेला, तळाला संदर्भ दिलेला. परीक्षक तिला गुण देत होते आणि मी नुसता तिच्याकडे बघत होतो. तिने पुन्हा हात वर नेला.

परीक्षा संपल्यावर मी तिला थांबवून माफी मागितली. मला ती नीट मागता आली नाही. मग विचारलं, गाव कोणतं? तिने सांगितलं. सतरा नंबरचंच गाव. आधी वाटलं, तिथे चार पंप आहेत, दुसऱ्या एखाद्याचं असेल.

"प्यायचं पाणी कुठलं भरता?"

"नळाला आठ दिसाला पाणी येतं सर, ते वापरायला. प्यायला हातपंपाचं. पण आमचं पाणी लई चांगलं हाय. तपासलेलं. हिरवा नंबर हाय त्याच्यावर."

तिला वाटलं मला पटलं नाही. ती म्हणाली, "खरंच सर. विद्यापीठाच्या लोकांनी नंबर दिलाय. शेजारच्या वस्तीवरचे लोक बी गाडीवर कॅन बांधून तिथूनच नेतात."

मग तिने विचारलं, हे डाग कशाने जातात. ते कशामुळे येतात हे ती शिकली होती, तिच्या स्वतःच्या तोंडाशी तिने ते जोडलं नव्हतं. पाणी तपासलेलं होतं ना! मी तिला सगळं शिक्षकासारखं समजावून सांगितलं. पक्क्या दातांवरचं कवच दात हिरडीत असतानाच तयार होतं. समोरच्या दातांचं लहानपणी, चार-पाच वर्षांचं वय होईपर्यंत बरंचसं आणि सात-आठ वर्षांपर्यंत पूर्ण. त्या काळात पोटात गेलेलं फ्लोराईड त्या कवचात बसतं. त्या वयातच पाणी बदललं तर दात वाचू शकतात, पुढे बदललं तरी बसलेला डाग जात नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "मागं पाव्हणे बघायला आलते. मला विचारलं, तंबाखू खाती का म्हून." आणि हसली. हसताना हात तोंडावर होताच. थोड्या वेळाने म्हणाली, "सर, माझ्या भावाची पोरगी तीन वर्षांची हाय."

तेवढ्यावरून मला त्या गावात जावं लागणार होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. नंबर कुणी काढला ते मात्र तिला माहीत नव्हतं.

रविवारी गेलो. फाट्यावर उतरून पायी. पंपाला आता सिमेंटचा ओटा होता, कळश्या ठेवायला कट्टा होता आणि अंगावर माझं एस सतरा होतं. मी ब्रशने घाईघाईत काढलेलं नव्हे. ग्रामपंचायत दर दिवाळीला ते नव्याने रंगवून घेते, अक्षर पेंटरचं, भोवती पांढरी चौकट. दुसऱ्या तालुक्यात कुठे तरी खराब पंपांवर सरकारी माणसांनी लाल खुणा केल्या होत्या, हे गावाने पाहिलं होतं. लाल म्हणजे नापास, मग हिरवा म्हणजे काय, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आणि नंबर काढून गेलेला साहेब काही वाईट सांगायला परत आला नाही, हा त्यांच्या दृष्टीने शेवटचा पुरावा. मी पाच वर्षं संशोधन पद्धती शिकलो. नमुना कसा निवडायचा, चूक कशी मोजायची, संदर्भ कसा द्यायचा. त्या सगळ्यात माझ्या न येण्याचा काय अर्थ लावला जाईल, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

मावशी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, मीच त्यांना आधी ओळखलं नाही. दणकट बाई काठी घेऊन बसली होती, गुडघे वाकत नव्हते, मान वळत नव्हती, बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागत होतं. "तुमी ते बाटल्यावाले सर नव्हं का?" त्या म्हणाल्या. "या, या. लई दिसानं. तुमचं नाव काढतो आमी. आदी आमी त्या आडाचं पानी पीत होतो, तुमी नंबर टाकला तवापासून बंद केलं. पोरीबाळींची आडात वाकायची कटकट गेली."

"आड आहे का अजून?"

"हाय की. त्यात आता सगळा केर टाकतेत."

मित्राला द्यायचं उत्तर ते हेच. या गावाने चांगलं पाणी सोडून वाईट पाणी धरलं, आणि हे माझ्या संशोधनाशिवाय झालंच नसतं. असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की सांधे आखडतात. मावशींच्या गुडघ्यांना वयाची, कामाची आणखीही कारणं असतील, एका रुग्णावरून निष्कर्ष काढू नये हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी तिथे चहा पिऊ शकलो नाही. नमुना घेतला. या वेळी शेजारच्या दुसऱ्या बाईने हापसलं.

जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेत बाटली दिली, कागद मिळवला. आकडा साधारण तोच. सरपंचबाईंना भेटून ग्रामसभेत विषय ठेवायची विनंती केली आणि ठरलेल्या दिवशी कागद घेऊन शाळेच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. माझी विद्यार्थिनी बायकांच्या घोळक्यात होती, भावाची पोरगी तिच्या कडेवर. मी काय बोलायचं ते बसमध्ये तीन-चार वेळा घोकलं होतं: पाणी पिऊ नका, उकळून उपयोग नाही, उकळल्याने उलट फ्लोराईडचं प्रमाण आणखी वाढतं, आड साफ करून घ्या. एवढं सांगायचं आणि निघायचं. जुन्या गोष्टीचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. काढून कुणाचं भलं होणार होतं?

सगळं सांगून झालं. सरपंचबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि बोलत होते त्यांचे यजमान. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "सर, तुमी तवा पास केलं, आता नापास करता. आमी नेमकं काय धरायचं?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. भूजल बदलतं. पातळी खाली गेली, उपसा वाढला, खडकाशी संपर्क वाढला. तेव्हा ठीक होतं, आता बिघडलं. यातला एकेक शब्द कुठल्या ना कुठल्या पेपरात सापडेल. पीएचडीने मला आणखी काही दिलं नसेल, पण खोटं बोलताना ते शास्त्रासारखं कसं वाटेल एवढं नक्की शिकवलं आहे. मी सुरुवातही केली. "त्याचं असं आहे, की पाण्याची पातळी..."

तेवढ्यात मावशी काठी आपटून म्हणाल्या, "आरं, त्या मानसाला कावून बोलतोस? त्यानं तवा चांगलंच बगितलं आसंल. एवडं उनातानाचं आलं, लबाड बोलायला का?"

माझी बाजू घेणारं त्या सभेत तेवढं एकच माणूस होतं. पातळीचं वाक्य मी तिथेच सोडलं.

"मी तेव्हा पास केलं नव्हतं," मी म्हणालो.

"मग नंबर कावून दिला?"

"पंप परत सापडावा म्हणून. माझ्यासाठी."

"अन् पानी?"

"पाणी तेव्हाही असंच होतं. तीनदा तपासलं होतं."

आरडाओरडा होईल असं मला वाटलं होतं, तो झाला नाही. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मावशींनी सगळं अंग फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सगळं अंग फिरवून पाठ केली. यजमानांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि कामाचं बोलायला लागले. आड कोण साफ करणार, केर कुठे टाकायचा, तोवर पिण्याचा टँकर कुणाकडे मागायचा. आड साफ करायचं ठरलं, आणि पुढे महिन्याभरात तो झालाही, हे सांगायला हवं. मी पिशवी उचलली.

घोळक्यातून माझी विद्यार्थिनी पुढे आली. तोंडावर ओढणी नव्हती. "सर," ती म्हणाली, "तुमाला कळलं ते साल कोणतं?"

मी साल सांगितलं. तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताच्या बोटांवर मोजलं. हिशेबात ती कधीच चुकत नाही.

"तवा मी चार वर्षांची होते," ती म्हणाली.

गावाला त्यात विशेष काही वाटलं नाही. त्याचा अर्थ लागायला जेवढं शिकावं लागतं, तेवढं त्या व्हरांड्यात आम्ही दोघंच शिकलेले होतो.